सव्वा व्होल्टाचा हिशेब

राहाता तालुक्यातल्या बाभळेश्वरला ४०० केव्हीचं उपकेंद्र आहे, म्हणजे तिथल्या तारांत चार लाख व्होल्ट. तिथून वीज एकेक पायरी उतरत ११ केव्हीवर येते, गावच्या डीपीवर तिचे ४३३ व्होल्ट होतात आणि घरातल्या एका फेजला २३० मिळतात. कॉम्प्युटरचा एसएमपीएस त्यातून १२ व्होल्ट डीसी काढतो. मग प्रोसेसरच्या सॉकेटला खेटून बसलेले मदरबोर्डवरचे रेग्युलेटर त्या बाराचे साधारण सव्वा व्होल्ट करतात. ओव्हरक्लॉकिंगवर, म्हणजे प्रोसेसरला ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्यावर, जे काही लिहिलं-बोललं जातं ते जवळपास सगळं या शेवटच्या सव्वा व्होल्टाबद्दल असतं. लिहिणारे ज्या शहरांत बसतात, तिथे वरच्या पायऱ्या मोजायची वेळ त्यांच्यावर येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात (तोंडात अजून नगरच बसलंय) ती येते.

इथे ओव्हरक्लॉकिंगचा प्रश्न पडतो कुणाला? लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या स्टुडिओवाल्यांना, एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपसाठी कॅड-कॅमची कामं घेणाऱ्यांना आणि लोणी, संगमनेर, कोपरगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या होस्टेलवर रात्र रात्र गेम खेळणाऱ्या पोरांना. तिघांचंही मागणं एकच: आहे त्या मशिनमधून थोडं जास्त निघतंय का बघा. पैसे टाकून नवा प्रोसेसर घेण्यापेक्षा बायोसमध्ये दोन आकडे बदलणं स्वस्त वाटतं. एके काळी ते खरंच स्वस्त होतं. आज ते तितकंसं राहिलेलं नाही, आणि जिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो नि वळवाच्या पहिल्या वाऱ्याला लाइट जाते, तिथे तर नाहीच.

आधी मुळातली गोष्ट. प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका पाच गिगाहर्ट्झला ०.२ नॅनोसेकंदाचा असतो. तेवढ्या वेळात ट्रान्झिस्टरांच्या एका साखळीतून सिग्नल पार व्हायला हवा. ठोके जवळ आणले आणि सिग्नल वेळेत पोचला नाही, तर पुढच्या पायरीला चुकीचा शून्य किंवा एक मिळतो. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर चपळ होतात आणि सिग्नल वेळेत पोचतो. म्हणून वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.४ गिगाहर्ट्झचे ४.८४ केले आणि त्यासाठी १.२० व्होल्टांचे १.३२ करावे लागले, तर वेग वाढला दहा टक्के. वीज आणि उष्णता वाढली तेहतीस टक्के. शिवाय चिप तापली की तिच्यातून फुकटची गळतीही वाढते, म्हणजे प्रत्यक्षात तेहतीसच्याही वर. आणि दहा टक्के वेगाचं दहा टक्के काम होतंच असं नाही, कारण रॅम नि डिस्क जुन्याच चालीने चालत असतात.

मग लोकांना हे वेड लागलं कसं? एके काळी कंपन्याच भरपूर शिल्लक ठेवून माल विकायच्या. १९८४च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता आणि प्रोसेसर त्याच्या निम्म्यावर, ६ मेगाहर्ट्झला चाले. लोकांनी तो क्रिस्टल उपटून १६चा बसवला; मशिन ८ मेगाहर्ट्झला धावू लागलं. पुढच्या मशिनच्या बायोसमध्ये आयबीएमने वेग तपासणारी पाचरच मारून ठेवली. १९९३ साली पेंटियम आला. त्या प्रकल्पामागचं ठळक नाव विनोद धाम, जन्म पुण्याचा. पहिले पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचे, ५ व्होल्टवर चालणारे आणि त्या काळच्या मानाने चांगलेच तापट: पंधरा वॉटच्या आसपास. पंधरा वॉट, पाच व्होल्ट, म्हणजे तीन अँपिअर. हा तीनचा आकडा लक्षात ठेवा.

खरी चंगळ झाली १९९८ साली. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा म्हणून विकला जाई. त्याचा बस स्पीड ६६, गुणक साडेचार. गुणक कुलूपबंद होता, बस नव्हती. बस ६६ची १०० केली की साडेचारपट म्हणजे ४५० मेगाहर्ट्झ, त्या वेळच्या सर्वांत महागड्या पेंटियम-टूच्या बरोबरीला. बरेच नग व्होल्टेजला हातही न लावता, मूळच्या २ व्होल्टवरच ४५०ला चालत. ज्यांच्या बोर्डात बस बदलायची सोय नव्हती ते प्रोसेसरच्या कार्डावरची बी-२१ नावाची पिन चिकटपट्टीने किंवा नेलपॉलिशने झाकत. बोर्डाला वाटे हा १००चाच माल आहे. दोन वर्षांनी एएमडीच्या अॅथलॉन आणि ड्युरॉनवर पेन्सिलचा प्रयोग आला: चिपच्या वरच्या बाजूला तोडून ठेवलेले सूक्ष्म पूल शिसपेन्सिलीने घासून जोडले की गुणकाचं कुलूप उघडायचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून माल आणून मशिन जुळवणाऱ्या पिढीने या युक्त्या ऐकून-वाचून शिकल्या, आणि ओव्हरक्लॉकिंग म्हणजे फुकटचा लाभ ही समजूत तिथपासून रुजली.

२०११च्या कोअर आय५-२५००के पर्यंत ती समजूत बऱ्यापैकी खरीही होती. ३.३ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर साडेचारपर्यंत सहज जायचा. त्यानंतर मात्र कंपन्या शहाण्या झाल्या. जी शिल्लक गिऱ्हाइकाच्या हाती लागत होती ती त्यांनी टर्बो आणि बूस्टच्या नावाखाली स्वतःच वापरून टाकली. २०२३च्या सुरुवातीला आलेला इंटेलचा १३९००केएस कारखान्यातूनच ६ गिगाहर्ट्झचा बूस्ट घेऊन निघाला. प्रोसेसर विकत घेऊन, त्यातले जास्त पळणारे निवडून चढ्या भावाने विकणारी ‘सिलिकॉन लॉटरी’ नावाची अमेरिकन कंपनी होती; निवडण्यासारखा फरकच उरला नाही म्हणून तिने २०२१ साली दुकान बंद केलं. विक्रमवीर अजून आहेत, द्रवरूप हेलियम ओतून ९ गिगाहर्ट्झच्या वर गेले आहेत. ती कुस्ती बघायला छान. तिचा आपल्या आखाड्याशी संबंध नाही.

आता त्या तीन अँपिअरकडे. पेंटियमला तीन अँपिअर पुरत. आजचा दीडशे वॉट खाणारा प्रोसेसर सव्वा व्होल्टवर १२० अँपिअर ओढतो. व्होल्टेज एक चतुर्थांश झालं, प्रवाह चाळीसपट. पाच व्होल्टवर पाच टक्के चूक म्हणजे पाव व्होल्ट. सव्वा व्होल्टवर पाच टक्के म्हणजे साठेक मिलिव्होल्ट. सहन करण्याची जागा अरुंद झाली आणि ढकलणारा प्रवाह प्रचंड वाढला. व्होल्टेज स्थिर ठेवण्याची आजची सगळी डोकेदुखी या दोन वाक्यांत आहे.

ती समजायला नगर जिल्ह्यातल्या माणसाला पुस्तक लागत नाही. डीपीपासून लांब, लाइनीच्या शेवटच्या टोकाला ज्याची विहीर आहे त्याला विचारा. सगळ्यांच्या मोटारी बंद असतात तेव्हा त्याच्याकडेही पुरे व्होल्टेज असतं. थ्री फेज आली, ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या की त्याच्या स्टार्टरवरचा काटा खाली बसतो आणि मोटार नुसती गुरगुरते. तारेला रोध असतो. प्रवाह वाढला की तारेतच व्होल्टेज खर्ची पडतं. मदरबोर्डवर हेच घडतं, फक्त तार काही सेंटिमीटरची आणि रोध मिलिओहमचा. एक मिलिओहम रोधातून १०० अँपिअर गेले की ०.१ व्होल्ट गळाला. बायोसमध्ये १.३० भरलेत, रेंडर सुरू झालं, सगळे कोअर एकदम उठले. प्रोसेसरच्या दाराशी १.२० उरले. याला व्हीड्रूप म्हणतात.

गंमत अशी की हा ड्रूप काही अंशी मुद्दाम ठेवलेला असतो. प्रोसेसर एकदम मोकळा झाला की रेग्युलेटरला आवरायला क्षणभर वेळ लागतो आणि तेवढ्यात व्होल्टेज उसळी मारतं. लोडला थोडं खाली बसू दिलं असेल तर उसळी मर्यादेत राहते. बायोसमधली ‘लोड लाइन कॅलिब्रेशन’ ही सोय हा ड्रूप भरून काढते. नवशिका तिथे थेट वरचा टप्पा निवडतो, कारण मग स्क्रीनवर आकडा कसा सरळ रेषेत दिसतो. पण स्क्रीनवरचा आकडा सेकंदाला एकदा घेतलेला असतो आणि उसळी मायक्रोसेकंदांची असते. ती ऑसिलोस्कोपशिवाय दिसत नाही. रेघ सरळ दिसते आणि चिपला रोज हजारो टोले बसत राहतात. मधला टप्पा घ्यावा, लोडवर थोडं खाली बसू द्यावं, आणि त्या बसलेल्या व्होल्टेजवर जो वेग टिकतो तोच आपला मानावा. मला विचाराल तर या आढाव्यातली सर्वांत कामाची सूचना हीच, आणि सर्वांत कमी पाळली जाणारीही हीच.

रेग्युलेटर कसले आहेत, यावरही बरंच अवलंबून आहे. स्वस्त बोर्डावर सॉकेटभोवती उघडे मॉस्फेट असतात, वर उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळाही नसतो. अशा बोर्डावर मोठा प्रोसेसर बसवला की प्रोसेसर तापायच्या आधी रेग्युलेटर तापतात आणि मशिन आपोआप मंद होतं. दुकानदार ‘हा पण चालतो’ म्हणतो ते खरं असतं. चालतो. शिवाय इंटेलचा ‘के’ नावाचा प्रोसेसर आणि झेड मालिकेचं बोर्ड असल्याशिवाय गुणक उघडत नाही. एएमडीचे रायझन बहुतेक सगळे उघडे, पण ए मालिकेच्या स्वस्त बोर्डावर तेही बंद. ‘एफ’ लिहिलेला प्रोसेसर आणून त्याचं ओव्हरक्लॉकिंग कुठे आहे म्हणून बायोसभर शोधत बसलेले महाभाग कमी नाहीत. एफचा अर्थ ग्राफिक्स नाही, एवढाच.

व्होल्टेजकडे दुर्लक्ष केल्यावर काय होतं, याचा धडा २०२४ साली साऱ्या जगाला मिळाला, आणि तो ओव्हरक्लॉकिंग न करणाऱ्यांनाही मिळाला. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरच्या दर्जाचे डेस्कटॉप प्रोसेसर काही महिन्यांनी डळमळू लागले. लक्षण विचित्र होतं. गेम सुरू करताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा. लोक ग्राफिक्स कार्ड बदलायचे, ड्रायव्हर बदलायचे, विंडोज नव्याने टाकायचे. चूक कार्डात नव्हतीच. गेमच्या फायली उलगडताना प्रोसेसर गणित चुकत होता आणि त्या चुकीला प्रोग्रॅम भलतंच नाव देत होता. मदरबोर्ड कंपन्यांनी ढोबळ मर्यादा काढून टाकल्या होत्या. ज्या प्रोसेसरला २५३ वॉटची कमाल मर्यादा ठरलेली, त्याला बोर्ड जवळपास बेलगाम सोडत. त्या वर्षी इंटेलने मूळ कारण सांगितलं ते असं की, चढं व्होल्टेज आणि तापमान यांमुळे कोअरमधल्या घड्याळाचे ठोके पोचवणाऱ्या सर्किटची अकाली झीज होते, आणि एकदा झीज झाली की त्याच वेगाला आधीपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. ऑगस्टमध्ये आलेल्या ‘१२९’ क्रमांकाच्या मायक्रोकोडने व्होल्टेजच्या मागणीला १.५५ची लगाम घातली. सप्टेंबरच्या ‘१२बी’ने मशिन निवांत असतानाची चढी मागणीही आवरली. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. झालेली झीज मात्र कुठल्याही अपडेटने भरून येत नाही. त्याच्या आदल्या वर्षी एएमडीचे काही रायझन ७००० एक्स-थ्रीडी प्रोसेसर सॉकेटसकट जळाले होते. तिथे रॅमचा वेग वाढवणारं एक्स्पो प्रोफाइल चालू केलं की बोर्ड एसओसी व्होल्टेज नको तितकं वर नेत. मग एएमडीने १.३ व्होल्टची हद्द घालून दिली. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं.

यातली इथली गोम वेगळीच. ही मायक्रोकोडं मुख्यतः बायोस अपडेटमधून येतात, आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड मेलंच म्हणून समजा. ज्या गावात लाइट कधी जाईल याचा नेम नाही तिथला माणूस बायोसला हात लावायला कचरतो आणि त्याचं कचरणं चूक नाही. परिणामी लगाम नसलेलं जुनं मायक्रोकोड अशाच ठिकाणी जास्त काळ चालू राहतं. बोर्डावर ‘बायोस फ्लॅशबॅक’चं बटन असेल तर मेलेलं बोर्ड पेनड्राइव्हवरून उठवता येतं. आपल्याकडे बोर्ड घेताना रंगीत दिव्यांच्या आधी हे बटन बघावं.

आता वरच्या पायऱ्या. विजेच्या बाबतीत या जिल्ह्याचा इतिहास थोडा निराळा आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस देशात प्रयोग म्हणून ज्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांतली एक मुळा-प्रवरा, श्रीरामपूरची. राहुरी, श्रीरामपूर पट्ट्यातल्या गावांना वर्षानुवर्षं तिनेच वीज पुरवली. २०११च्या फेब्रुवारीपासून तो भाग महावितरणकडे आला. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टर ही घरोघरची वस्तू झाली. पुढे गावठाणाचे फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळे होत गेले, तसा घरगुती पुरवठा बराच सुधारला. आणि नगर एमआयडीसीत एल अँड टीचा स्विचगिअरचा मोठा कारखाना, जो २०२०मध्ये श्नायडरकडे गेला. विजेला आवर घालणारं सामान इथेच बनतं, आणि वाड्या-वस्त्यांवर फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे तीन पदर गुंडाळलेले असतात.

नियमाने घरगुती व्होल्टेज २३०च्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४च्या आत हवं. सातच्या सुमाराला मल्टीमीटर सॉकेटमध्ये घालून बघितलं तर अनेक ठिकाणी ते त्याखाली सापडतं. पण यात एक मोठा गैरसमज आहे. कमी व्होल्टेजने ओव्हरक्लॉक अस्थिर होतो, असं धरून लोक कॉम्प्युटरला रिलेवाला स्टॅबिलायझर लावतात. अॅक्टिव्ह पीएफसी असलेला चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टसाठीच बनवलेला असतो. १७० व्होल्ट मिळाले तर तो जास्त प्रवाह ओढतो आणि बाहेर १२चे १२च देतो. त्याला स्टॅबिलायझरची गरज नाही. उलट रिले टक्टक् करत टप्पे बदलतो तेव्हाचा झटकाच जास्त. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या, मागे ११५-२३०चं लाल बटन असलेल्या ‘साडेचारशे वॉट’च्या डब्याची गोष्ट निराळी. त्याचे वॉट लेबलावर असतात. लोड आला की त्याचे १२ व्होल्ट साडेअकराच्या खाली घसरतात. चालू शकतात ते ११.४ ते १२.६ या हद्दीत. अशा डब्यावर ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्याने आधी डबा बदलावा, मग बाकीचं बोलावं.

वीज जाते तेव्हाचा हिशेब मिलिसेकंदांचा आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर सोळा-सतरा मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर तग धरतो, म्हणजे एका आवर्तनालाही थोडा कमी. यूपीएस त्याच्या आत हातात घेतो. घरगुती इन्व्हर्टर घेईलच असं नाही. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटन असतं: एका बाजूला यूपीएस मोड, दुसऱ्या बाजूला साधा. यूपीएस मोडला बदल चटकन होतो, पण व्होल्टेज १८०च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो, आणि संध्याकाळी तर ते सारखंच खाली असतं. मग बॅटरी उतरते म्हणून घरातलं कुणीतरी ते बटन साध्या मोडला सरकवतं, पंखे नि दिवे सुखाने चालतात, आणि प्रत्येक वेळी लाइट गेली की कॉम्प्युटर मात्र रिस्टार्ट होतो. मुलगा बायोसमध्ये व्होल्टेज वाढवत बसतो. दोष इन्व्हर्टरच्या पाठीमागे असतो.

सहाशे व्हीएचा यूपीएस, जो दुकानात सगळ्यात जास्त खपतो, तो पेलतो साधारण ३६० वॉट. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर आणि बरं ग्राफिक्स कार्ड मिळून चारशेच्या पुढे गेले की लाइट जाताक्षणी तो एक लांब शिट्टी मारून बंद पडतो. शिवाय त्याची लहर चौकोनी असते आणि काही अॅक्टिव्ह पीएफसीवाल्या एसएमपीएसना ती मानवत नाही. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस महाग पडतो, पण कामाच्या मशिनला तो नवीन प्रोसेसरपेक्षा जास्त उपयोगाचा.

खरी भीती कमी व्होल्टेजची नाहीच, न्यूट्रल तुटण्याची आहे. वादळात फांदी पडून किंवा डीपीच्या पेटीतला सैल बोल्ट जळून न्यूट्रल सुटला, की २३०च्या जागी तीनशे-साडेतीनशेही येऊ शकतात. टोकाची मजल दोन फेजांमधल्या चारशेपर्यंत. एसएमपीएस २६४पर्यंत सोसतो. चारशे व्होल्ट एसीचे रेक्टिफायरपुढे ५६५ व्होल्ट डीसी होतात, आणि आतला मोठा कपॅसिटर असतो चारशे-साडेचारशे व्होल्टचा. तो फुटतो, आवाज करून फुटतो. व्होल्टेज चढताच घराचा पुरवठा तोडणारा ओव्हर-व्होल्टेज रिले मीटरजवळ बसवणं हा यावरचा उपाय. अर्थिंगही तितकंच महत्त्वाचं. मीठ-कोळसा भरलेला अर्थिंगचा खड्डा मुरमाड जमिनीत एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा पडतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या विजा कडाडतात. त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतणं हे ओव्हरक्लॉकिंगच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही, पण नगरच्या मार्गदर्शिकेत ते पहिल्या पानावर हवं.

उष्णतेचा मुद्दा सांगायला सोपा, सोसायला कठीण. कूलर कितीही भारी असो, पाण्याचा असो की हवेचा, तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. परदेशी चाचण्या साधारण वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या गाळ्यात चाळीस अंश असतात. म्हणजे त्यांच्याकडे जो प्रोसेसर ७८ला थांबला तो इथे ९६ला भिडतो, आणि बहुतेक प्रोसेसरांची सहनशक्ती ९० ते १०० अंशांच्या दरम्यान संपते. तापलेल्या चिपला त्याच वेगासाठी जास्त व्होल्टेज लागतं, जास्त व्होल्टेजने ती अजून तापते. लग्नसराई नेमकी याच दिवसांत, रेंडरिंगची रांगही याच दिवसांत. धातूच्या अतिसूक्ष्म तारांतले अणू प्रवाहाच्या रेट्याने हळूहळू सरकतात, त्यांची झीज तापमानाबरोबर वेगाने वाढते. अमेरिकन अभियंता जेम्स ब्लॅकने १९६९ साली तिचं सूत्रच मांडून ठेवलंय. त्यात भर म्हणून साखर कारखान्यांच्या आसपास गळीत हंगामात भुशाची काळी राख गच्च्यांवर पडते, खिडकीतून आत येते आणि हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसते. हंगाम संपला की ब्लोअरने साफ केल्याशिवाय कुठलाही आकडा खरा धरू नये.

स्थिरता तपासायची पद्धत सगळ्यांना माहीत असते आणि बहुतेक जण ती अर्धीच वापरतात. प्राइम९५ किंवा ओसीसीटी लावायचं, तासभर चाललं की झालं. भारी लोडवर टिकलं म्हणजे हलक्या लोडवर टिकेलच असं नाही. आजचे प्रोसेसर निवांत असताना एकाच कोअरचा वेग सर्वांत वर नेतात. खूप मशिनी रेंडरमध्ये नव्हे, रेंडर संपल्यावर रिकाम्या बसल्या असताना बंद पडतात. त्यासाठी एकेक कोअर वेगळा ताणणारं कोअरसायकलर उपयोगी. आणि निळा पडदा येण्याची वाट बघायची नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया-लॉगर’च्या नोंदी असतात, १९ क्रमांकाची नोंद म्हणजे चूक झाली, पण हार्डवेअरने सावरून घेतली. मशिन वरवर ठणठणीत असतं आणि त्या नोंदी साचत असतात. सर्वांत वाईट ती चूक, जी कुणाच्याच नोंदीत येत नाही: झिप फाइल उघडत नाही, दोन तासांच्या व्हिडिओत मध्येच एक हिरवा पट्टा उमटतो. चोवीस तास चाचणी चालवा असं जाणकार सांगतात. सलग चोवीस तास वीज असलेला दिवस आधी निवडावा लागतो, हे ते सांगत नाहीत.

मग करावं काय? गेल्या काही वर्षांत या छंदाची दिशाच उलटी झाली आहे, आणि ती दिशा आपल्या हवेला मानवणारी आहे. व्होल्टेज वाढवून वेग मिळवण्यापेक्षा वेग तोच ठेवून व्होल्टेज कमी करायचं. मध्यम बजेटमधल्या मशिनींत आजही बराच दिसणारा रायझन ५ ५६०० घ्या. कारखान्याने त्याला सॉकेटवर ७६ वॉटची मर्यादा घालून दिली आहे. प्रत्येक चिपसाठी कंपनी व्होल्टेज थोडं सढळ हाताने ठरवते, कारण सगळ्यांत वाईट नगही चालला पाहिजे. ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’मध्ये उणे दहा, उणे पंधरा, मग उणे वीस असं हळूहळू खाली यायचं, एक अंक म्हणजे साधारण तीन ते पाच मिलिव्होल्ट. त्याच ७६ वॉटमध्ये आता जास्त वेग मावतो, कारण वर्गाचं ते गणित आता आपल्या बाजूने चालू लागतं. तापमान उतरतं, पंखा शांत होतो, सगळे कोअर कामाला लागले की वेग उलट थोडा वर जातो. उणे तीसपर्यंत मुभा असते म्हणून थेट तीस भरू नये. कोणता कोअर कुठे नाही म्हणेल हे प्रत्येक चिपचं वेगळं.

इंटेलवाल्यांनी आधी नवा बायोस टाकावा, पॉवरची मर्यादा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणावी आणि मग व्होल्टेजला उणे पन्नास मिलिव्होल्टपासून सुरुवात करावी. विजेच्या बिलातही फरक पडतो: शंभर वॉट कमी, रोज सहा तास, महिन्याला अठरा युनिट. स्टुडिओत चार मशिनी असतील तर ही रक्कम डोळ्यांत भरते.

ज्याला वेगच हवा आहे, त्याने हिवाळा गाठावा. डिसेंबर-जानेवारीत नगरला पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि तेव्हा हाच प्रोसेसर शंभर-दोनशे मेगाहर्ट्झ जास्त आनंदाने देतो. बायोसमध्ये प्रोफाइल साठवायला जागा असतात. एक थंडीचं, एक उन्हाळ्याचं ठेवावं आणि होळीच्या सुमारास बदलावं. दोन्हींच्या पडद्यांचे फोटो मोबाइलमध्येही काढून ठेवावेत. आपल्याकडे झोपताना भिंतीवरचं बटन बंद करायची सवय असते, त्यामुळे बोर्डावरचा बटन सेल लवकर उतरतो आणि एके दिवशी सगळी सेटिंग पुसून मशिन कारखान्याच्या आकड्यांवर परत जातं. कॉम्प्युटरची तारीख अचानक काही वर्षं मागे दिसू लागली आणि ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणू लागला, तर तो व्हायरस नसतो. सीआर२०३२ नंबरचा सेल बदलायचा, आणि फोटो उघडून आकडे पुन्हा भरायचे.